छापासरांची बाटली

जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडणारा माणूस स्वतः लघवीत कॉपी करू शकतो का, असं कुणी विचारलं तर बेधडक हो म्हणा. पुरावा म्हणून छापासरांकडे बोट दाखवा. छापासर हे त्यांचं खरं नाव नव्हे, ते पोरांनी ठेवलेलं. शिकवायचे गणित, पण कीर्ती छाप्यांची. मोज्यातली चिठ्ठी, पेनाच्या टोपणातली चिठ्ठी, वेणीत गुंफलेली चिठ्ठी, सर सगळ्या काढायचे. एकदा हाताला प्लास्टर असलेल्या मुलाचं प्लास्टर त्यांनी ठोकून पाहिलं होतं. हात खरंच मोडलेला निघाला. त्यावर सर म्हणाले, "ठीक आहे, पण पुढच्या वेळी लक्षात ठेव." काय लक्षात ठेवायचं ते त्या पोराला अजून कळलेलं नाही.

तर या सरांना मुख्याध्यापक व्हायचं होतं. खुर्ची उन्हाळ्यात रिकामी होणार होती आणि ज्येष्ठतेत सर पहिले, भूगोलाच्या बाई दुसऱ्या. मध्ये काही अडसर नव्हता. पण संस्थेच्या अध्यक्षांनी, ज्यांचा धंदा फरशा विकण्याचा आणि छंद शिक्षणाचा, नवा नियम काढला होता: उमेदवारानं वैद्यकीय तपासणीचा अहवाल द्यायचा. कारण मागचे मुख्याध्यापक बक्षीस समारंभात भाषण करताकरता आडवे झाले होते. ते वाचले, पण अध्यक्षांचं भाषण राहिलं ते राहिलंच, आणि ते दुःख अध्यक्ष विसरले नव्हते.

सर तपासणीला गेले ते ताठ मानेनं. डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी. सहामाहीत याच पोराला सरांनी बूट काढून बाकावर उभं केलं होतं. बुटात काही सापडलं नव्हतं. वास तेवढा सापडला होता. डॉक्टरनं आदरानं उठून खुर्ची दिली, दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला, पुन्हा सोडला. मग म्हणाला, "सर, बीपी आहे."

"कोणाला?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला. घाबरायचं काही नाही. काही तपासण्या लिहून देतो. रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, एक ईसीजी. आणि लघवीतलं अल्ब्युमिन. ते महत्त्वाचं."

"ते काय असतं?"

"प्रोटीन, सर. मूत्रपिंड म्हणजे गाळणी समजा. बीपीनं गाळणीची भोकं मोठी झाली की प्रोटीन लघवीतून खाली यायला लागतं. माणसाला काही जाणवत नाही. लघवी मात्र सांगते."

सरांनी वही काढावी तसा चेहरा काढला. "पास व्हायला किती लागतं?"

"यात पास-नापास नसतं, सर."

हे वाक्य सरांनी ऐकलं आणि सोडून दिलं. ज्या परीक्षेत पास-नापास नाही अशी परीक्षा देवानं अजून काढलेली नाही, ही त्यांची पक्की समजूत. नापास होणाऱ्यांच्या आया असंच काहीतरी बोलतात.

घरी येईपर्यंत जिन्यात रिपोर्टकाकांनी गाठलं. हे समोरच्या दारातले निवृत्त गृहस्थ. लोक लग्नाचे अल्बम दाखवतात, हे रिपोर्ट दाखवायचे, तेही प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले. चहाला बोलवायचे आणि चहा येईपर्यंत कोलेस्टेरॉलपाशी आणून सोडायचे.

"तुमचं क्रिएटिनिन किती?" काकांनी विचारलं.

"अजून काढलं नाही."

या वयात ज्याला क्रिएटिनिन नाही अशा माणसाकडे जशा नजरेनं बघायचं तशा नजरेनं काका बघत राहिले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "लघवीला फेस येतो का?"

"फेस?"

"फेस आला की समजायचं, गेलं. माझे एक साडू होते. फेस आला, हसण्यावारी नेला. आता फोटोत आहेत."

या देशातल्या काय नि त्या देशातल्या काय, मध्यमवर्गीय माणसाला रोगाची भीती कमी आणि शेजाऱ्याची जास्त. काकांनी पुढच्या दोन दिवसांत सगळा जिना कामाला लावला. तळमजल्यावरचे म्हणाले, भरपूर पाणी प्या, सगळं पातळ होतं. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, छे, पाणी प्यायलेलं मशीनला कळतं. एक बाई म्हणाल्या, डावीकडे तोंड करून झोपा, उजव्या मूत्रपिंडाला विश्रांती मिळते. डाव्याचं काय, हे विचारायला सर धजावले नाहीत. बायकोनं स्वयंपाकातलं मीठ बंद केलं आणि आपली भाजी वेगळी काढून ठेवायला लागली. जेवताना सर तिच्या वाटीकडे बघायचे, पोरं शेजारच्याच्या पेपरात बघतात तसे.

आणि तपासणीच्या आदल्या सकाळी त्यांना फेस दिसला.

खरं म्हणजे बायकोनं नुकतंच संडासाच्या भांड्यात सफाईचं औषध ओतलं होतं. निळ्या रंगाचा तो फेस जगातल्या कुठल्याच मूत्रपिंडातून निघू शकत नाही. पण घाबरलेल्या माणसाला रंग दिसत नाही. सर भिंतीला टेकले. मुख्याध्यापकाची खुर्ची, मागे दोरीची घंटा, टेबलावर काचेखाली वेळापत्रक, आणि त्या सगळ्यावर भूगोलाच्या बाई बसलेल्या, असं चित्र त्यांना तिथल्या तिथे दिसलं.

रक्ताचं काही करता येणार नव्हतं, ते सुईनं समोरासमोर काढणार. पण लघवी घरून न्यायची होती. डॉक्टरच म्हणाला होता, सकाळची पहिली आणा. जिथे पर्यवेक्षक नाही तिथे काय होतं, हे सरांइतकं कुणाला ठाऊक?

घरात एक निरोगी माणूस होता. बायकोचा धाकटा भाऊ. नोकरी लागेपर्यंत म्हणून गच्चीवरच्या खोलीत राहायला आलेला, आणि नोकरीलाही त्याची घाई नव्हती. सकाळ-संध्याकाळ व्यायामशाळा, मधल्या वेळात आरसा. दंड असे की बाही शिवणारा शिंपी पैसे जास्त मागायचा. प्रोटीनच्या पावडरीचे डबे स्वतः प्यायचा आणि उरले तर विकायचा. गल्लीत त्याला बॉडी म्हणत. औषधाची गोळी त्यानं कधी घेतली नव्हती, डॉक्टरच्या दाराची पायरी चढला नव्हता, आणि याचं त्याला पदवी मिळाल्यासारखं कौतुक होतं.

सरांनी त्याला गच्चीत गाठलं. घसा खाकरला. "एक काम होतं."

"बोला दाजी."

"म्हणजे तसं काही नाही. पण तुझी... सकाळची... थोडी लागली असती."

"काय?"

सरांनी हवेत बोटानं बाटली काढून दाखवली.

बॉडी एकदम खूश झाला. आपल्या शरीराची किंमत शेवटी घरात कळली याचा आनंद त्याच्या तोंडावर मावेना. "एवढंच? लाजता काय दाजी! दोन बाटल्या न्या. रक्तही देऊ का?"

"हळू बोल. ताईला सांगू नकोस."

"ताईला कशाला सांगू? आपल्या दोघांतलं आहे. फक्त एक करा, नंबर आला ना, पेढे माझे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली जिन्यात हातोहात झाली. सरांनी ती उघडून पाहिली नाही. लाज म्हणून एक गोष्ट असते. ती चोरी करताना नसते, चोरलेल्या मालाकडे बघताना असते.

प्रयोगशाळेत सुई टोचून झाल्यावर काउंटरवरच्या मुलीनं बाटली हातात घेतली आणि सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ही तुमचीच ना?"

ती सगळ्यांना विचारायची. पण सर असे दचकले की शेजारच्या म्हाताऱ्यानं आपली बाटली जवळ ओढून घेतली.

"म्हणजे काय! माझी नाही तर कोणाची?" सर कडाडले. नेमकं हेच वाक्य, याच सुरात, त्यांनी पकडलेला प्रत्येक मुलगा बोललेला होता.

रिपोर्ट आले. एक प्रत थेट अध्यक्षांकडे गेली, संस्थेचा नियमच तसा. दुसरी डॉक्टरच्या टेबलावर. सर समोर बसले होते आणि चेहऱ्यावर पहिल्या नंबराचं हसू तयार ठेवलं होतं. डॉक्टर मात्र कागद वर करून, खाली करून, पुन्हा वर करून बघत होता.

"सर, हे मला जरा समजत नाही. रक्तातली साखर उत्तम. क्रिएटिनिन उत्तम, पोटॅशियम उत्तम. आणि लघवीत साखर आहे. अल्ब्युमिन तर... सर, हे खूप आहे. रक्तात साखर वाढलेली नसताना लघवीत कुठून येईल? बघितल्यावर असं वाटतं, की रक्त एका माणसाचं आणि लघवी दुसऱ्याची."

तो सहज बोलला होता. सरांच्या कानांतून वाफ निघाली. डॉक्टरनं घाबरून पट्टा बांधला तर पारा मागच्यापेक्षाही वर.

"तुम्ही आधी मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाला दाखवा. उशीर करू नका. असं अल्ब्युमिन जात राहिलं तर पुढे रक्त धुवायच्या मशीनपर्यंत जातं प्रकरण."

सर बाहेर आले आणि फुटपाथवर उभे राहिले. पहिली गोष्ट काय झाली ते लपवण्यात अर्थ नाही: त्यांना आनंद झाला. हे माझं नाही! माझी गाळणी शाबूत आहे! त्यांनी चक्क एका अनोळखी माणसाला नमस्कार केला. कोपऱ्यापर्यंत तो आनंद टिकला. कोपऱ्यावर त्यांच्या लक्षात आलं की माझं नाही, तर मग ज्याचं आहे तो या क्षणी व्यायामशाळेत वजनं उचलतोय.

आता करायचं काय? गप्प बसायचं. प्रयोगशाळेची चूक झाली म्हणायचं, पुन्हा तपासायला लावायचं, या खेपेला स्वतःची न्यायची. अहवाल स्वच्छ, खुर्ची आपली. कुणाला काही कळणार नाही. बॉडीच्या गाळणीला मोठमोठी भोकं पडत राहतील, एवढंच. आणि ती काय सरांनी पाडली होती?

असल्या सोयीच्या विचारावर सभ्य माणसं वर्षानुवर्षं सुखात जगतात. सरही जगले असते. पण त्या संध्याकाळी बायकोनं हाक मारली म्हणून बॉडी खाली आला, भरलेला गॅसचा सिलिंडर एका हातानं उचलून स्वयंपाकघरात ठेवला, आणि ओट्याला धरून उभा राहिला. कपाळ दाबत.

"काय झालं रे?" बायकोनं विचारलं.

"काही नाही ताई, डोकं ठणकतं जरा. रोजचंच आहे. रक्त वर चढतं ना व्यायामानं, मेंदूला पोचतं."

मेंदूला काहीही पोचत नव्हतं हे सरांना दिसत होतं. ते पाट्यासारखे सरळ झाले आणि बोलून गेले, "ती बाटली याची होती."

"कसली बाटली?" बायको म्हणाली.

सरांनी सगळं सांगितलं. गणित सोडवावं तसं, पायरी-पायरीनं. बायकोच्या हातातला डाव वर गेला आणि तिथेच राहिला.

"माझ्या भावाची लघवी तुम्ही शाळेला दिलीत? मला न विचारता?"

"शाळेला नाही, प्रयोगशाळेला..."

"चोवीस वर्षं पोरांना उन्हात उभं करता! गल्लीतून जाताना बायका मला म्हणतात, तुमचे हे भारी कडक. कडक! भावाच्या लघवीवर पास व्हायला निघालेला माणूस!"

"अगं, मुद्दा तो नाही. मुद्दा हा आहे की त्याला तज्ज्ञाकडे न्यायला हवं. प्रोटीन सापडलंय त्याच्या लघवीत."

बॉडीचा चेहरा उजळला. "सापडणारच! डबेच्या डबे रिचवतो मी. बघ ताई, लघवीत पण प्रोटीन! दाजींच्यात आहे का?"

"अरे, ते नको असतं तिथे!"

"नको असतं? किती महाग असतं माहीत आहे का?"

"साखर पण सापडली आहे."

यावर मात्र तो रागावला. "साखर मी तोंडात घालत नाही. म्हणजे ती बाटली माझी नव्हतीच. तुम्ही घाबरून वाटेत सांडली असेल आणि स्वतःची भरली असेल. आता रोग तुमचा आणि नाव माझं! वा दाजी!"

जन्मभर ज्यांनी चोरी नाकारणाऱ्यांना पकडलं, त्यांच्यावर स्वतःची चोरी पटवून देण्याची पाळी आली होती, आणि कुणी विश्वास ठेवेना. शेवटी बायकोनंच निकाल लावला. तिनं आधी भावाचा कान धरला, मग नवऱ्याकडे बघितलं. कान धरण्यात काय अर्थ, असं तिच्या डोळ्यांत दिसलं. "दोघंही चला," ती म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरसमोर सरांनी पुन्हा सांगितलं. मधली भिंत पातळ लाकडाची, बाहेर रोगी बसलेले. सांगून होईतो बाहेरचं खोकणंसुद्धा थांबलं होतं. डॉक्टरनं रागावायला हवं होतं. पण त्याच्या तोंडावर जे फिरत होतं ते रागाहून फार गोड होतं. बुटांचा वास त्यालाही आठवत असणार.

"सर," तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "आता पुन्हा द्यावी लागेल. माझ्या देखरेखीखाली. हे आमचे कंपाउंडर दाराशी उभे राहतील. कडी लावायची नाही. आणि खिसे तेवढे आधी दाखवा."

सरांनी खिसे दाखवले. रुमाल निघाला, खडू निघाला. आत गेले. बाहेरून कंपाउंडर म्हणाला, "झालं का?" आयुष्यात हा प्रश्न सरांनी हजारो पोरांना विचारला होता, पण त्यानं हात कसा गोठतो, आणि हात कसला, सगळंच कसं गोठतं, ते त्यांना आज समजलं.

इकडे बॉडीच्या दंडाला पट्टा पुरेना. डॉक्टरनं ओढून बसवायला घेतला तर तो टर्रकन सुटला. बॉडीनं विजयी मुद्रेनं बहिणीकडे पाहिलं. "बघ, मशीन हरलं."

"पट्टा लहान पडला तर आकडा खोटा चढतो," डॉक्टर म्हणाला. "थांबा, मोठा मागवतो."

"मग आला तरी मी मानणार नाही."

मोठा पट्टा आला. फुगला. सगळे पाऱ्याकडे बघत होते. डॉक्टरनं आकडा मोठ्यानं वाचला नाही. त्यानं पट्टा सोडला, दुसऱ्या हाताला बांधला, आणि दुसऱ्यांदा बघितल्यावर खुर्ची जवळ ओढून विचारलं, "डोकं किती दिवस दुखतंय?"

ज्या आवाजात त्यानं विचारलं, त्यानं बॉडीचे खांदे खाली आले. एवढ्या मोठ्या देहात एक घाबरलेलं पोर बसलं होतं, ते बहिणीकडे बघायला लागलं. "ताई, ते रक्त धुवायचं मशीन लावतील का गं?"

"नाही लावायचे," ती म्हणाली. "गोळ्या घ्यायच्या. तो डबा मात्र आज उकिरड्यावर."

डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या, तज्ज्ञासाठी चिठ्ठी दिली, म्हणाला वेळेत आलात. सरांची दुसरी लघवी स्वच्छ निघाली. एक छोटी गोळी, मीठ कमी, चालणं, संपलं. पण पातळ लाकडाची भिंत आपलं काम करून चुकली होती. शाळेत सर आठवीच्या वर्गात शिरले तर फळ्यावर बाटली काढलेली, खाली सुबक अक्षरात लिहिलेलं: ही तुमचीच ना? अक्षर कोणाचं ते सरांनी बघताक्षणी ओळखलं. त्यांनी फळा पुसला आणि त्रैराशिक शिकवलं.

दुपारी अध्यक्षांचं बोलावणं आलं. सर राजीनाम्याचं वाक्य मनात घोळवत गेले. शाळेच्या वरच्या मजल्यावरचं अध्यक्षांचं ऑफिस म्हणजे फरशांचं दुकानच: भिंतींवर फरशा, खाली फरशा, टेबलसुद्धा फरशीचं. अध्यक्षांनी दार लावून घेतलं आणि हसायला सुरुवात केली. पोट हलेपर्यंत हसले.

"सर, तुम्ही म्हणजे... वा! मी म्हणत होतो, हा गणिताचा माणूस, याला व्यवहार कसा जमणार? जमतो की! संस्था चालवायला डोकं लागतं, नुसती शिस्त काय चाटायची आहे?"

"साहेब, माझी चूक झाली. मी..."

"चूक कसली? पहिला रिपोर्ट मी फाडून टाकला. दुसरा स्वच्छ आहे, तो लावून टाकू. खुर्ची तुमची. भूगोलाच्या बाईंना मी समजावतो."

सरांचे कान तापले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटत काही भलतंच होतं. अध्यक्षांनी ड्रॉवर उघडला. त्यातून झाकणाची एक छोटी, कोरी, निर्जंतुक बाटली काढली आणि फरशीच्या टेबलावर ठेवली.

"मला एक मोठा विमा काढायचाय, सर. उद्या त्यांचा माणूस न्यायला येतोय. माझी साखर तुम्हाला माहीत आहे. आणि बीपी... ते सोडा. तुमची स्वच्छ आहे, कंपाउंडरच्या साक्षीनं. तो कोपऱ्यात संडास आहे. नवी फरशी बसवली आहे, बघा तरी."

सरांनी बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला आत्ता लागलेली नाही."

"बसा की मग. घाई काय आहे?" अध्यक्षांनी घंटी वाजवली. "पाण्याचा जग आणा रे. आणि चहा. मोठ्या कपात."

जग आला. अध्यक्ष स्वतः पेला भरून पुढे ढकलत होते, आणि वरिष्ठानं दिलेलं नाकारायची सरांना जन्मात सवय नव्हती. ते प्यायले. चहा प्यायले. अध्यक्षांनी नवीन इमारतीचा आराखडा सांगितला, मुख्याध्यापकाच्या खोलीला कुठला रंग द्यायचा ते विचारलं. सर पायावर पाय घालून बसले, मग पाय बदलून बसले. बाटली मध्ये होती. सर्वांगानं त्यांना उठायचं होतं आणि सर्वांगानं त्यांना खुर्ची हवी होती, आणि दोन्ही गोष्टी आता एकाच दारानं जाणार होत्या.

"साहेब," ते दात आवळून म्हणाले, "तुम्हाला डोकं दुखतं का?"

"दुखतं कधीकधी. का?"

"मग स्वतःची द्या."

"काय?"

"स्वतःची द्या. आणि विम्याच्या माणसाला नको, आमच्या डॉक्टरला द्या. खिसे तपासतो, पण चांगला आहे."

अध्यक्षांचं हसू खाली उतरलं. "सर, खुर्चीचा विचार करा."

"तोच करतोय मघापासून," सर म्हणाले आणि उठले. नीट उभं राहता येत नव्हतं म्हणून किंचित वाकून उठले. अध्यक्षांना वाटलं, नमस्कार करतायत. ते दारापर्यंत सभ्यपणे चालले. दाराबाहेर पळाले. जिना पळत, आवार पळत, वाटेत भूगोलाच्या बाई दिसल्या त्यांना "अभिनंदन!" म्हणत, पोरांच्या मुतारीत घुसले. तिथे आठवीतली चारपाच पोरं रांगेत उभी होती. सर आलेले बघून सगळी गार पडली.

"चालू द्या, चालू द्या," सर म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले. पाण्यासकट, चहासकट, मुख्याध्यापकपद मोरीतून वाहून गेलं. ते संपायलाच तयार नव्हतं. बराच वेळ झाला तसं मागून एका पोरानं, ज्याचं अक्षर सुबक होतं त्यानंच, हळूच विचारलं, "सर, झालं का?"

"नाही अजून," छापासर म्हणाले. "आणि माझीच आहे, लिहून ठेव फळ्यावर."